कडुनिंब-ओव्याचा अर्क, सहा महिन्यांनी: औषध बरं, पण नोझलने जीव खाल्ला

नोव्हेंबरात घेतलेली लिटरची बाटली आता तळाला आलीय, म्हणून लिहितोय. आमची आंब्याची कलमं देवगड तालुक्यात, कातळावर, त्यातली बारा अजून लहान, पाठीवरच्या बॅटरी पंपाने पोचतात एवढीच. अर्क फक्त त्या बारांवर मारला, मोठ्या कलमांना नेहमीचंच शेड्यूल. कंपनीचं नाव देत नाय, दुकानदार ओळखीचा आहे आणि उधारी बाकी आहे.

आधी नोझल. डिसेंबरातल्या फवारण्या बऱ्या गेल्या. जानेवारीत थंडी पडली आणि सकाळी साडेसहाला पंप चालू केला की दुसऱ्या कलमापाशीच फवारा बंद, नुसतं थेंब थेंब. मग नोझल खोला, फुंका, तार घाला, परत लावा, की तिसऱ्या कलमाला परत तेच. एका सकाळी मोजून नऊ वेळा खोललं, आणि ती कडवट चव तोंडातून जाईना, दुपारची सोलकढीसुद्धा कडू लागली. गडी बाजूला उभा राहून विडी ओढतोय आणि मजुरी चालू. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "बाटली नीट हलवलंस काय?" हलवली. मग म्हणे जाळी बदल. १८० रुपयांची जाळी घेतली, तरी तेच. त्या दिवशी रागाने इथे एक तारा दिला होता, तो आता मागे घेतोय, आणि त्याचं कारण आमची आई.

ती पडवीत बसून खोबरेलाची बाटली चुलीजवळ शेकवत होती, आत पांढरा गोळा. माझी बडबड ऐकून म्हणाली, "अरे, खोबरेल थिजलां, ह्यां पण तेलच मरे!" डोक्यात लख्ख उजेड. अर्कातलं निंबतेल थंडीत घट्ट होतं, त्याच्या गुठळ्या जाळीत अडकतात. तेव्हापासून तांब्यात कोमट पाणी घेऊन अर्क आधी त्यात घोळवतो, ताकासारखा पांढरा झाला की मगच टाकीत. एकदाही तुंबलं नाय. ही एक ओळ लेबलवर छापायला काय जात होतं? १८० रुपये गेले ते गेलेच.

वेळही बदलली, आता संध्याकाळी साडेचारनंतर. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर चालणारा त्यातला मुख्य घटक, उन्हात टिकत नाही, त्यामुळे सकाळी मारून दिवसभर तापवण्यात तसाही अर्थ नव्हता.

आता काम करतं का? मोहोर फुटायच्या आधीपासून दर पंधरवड्याला मारला त्या कलमांवर भुरी (मोहोरावरची पांढरी बुरशी) उशिरा आली आणि कमी आली, मोहोराचा रस शोषणारे तुडतुडेही कमी वाटले. पण हे आधी मारायचं औषध आहे. रात्री दव, सकाळी मोहोरावर पांढरी भुकटी दिसली की अर्क कामाचा नाय, तिथे मी विरघळणारं गंधक, दहा लिटरला २० ग्रॅम, हेच मारलं. आणि इथे माझीच चूक, अर्कानंतर चार दिवसांतच गंधक मारलं, तर दोन कलमांची कोवळी पानं कडेने जळली. तेल आणि गंधक यात निदान दोन आठवडे अंतर हवं, हे लेबलच्या मागे बारीक अक्षरांत आहे, भिंग लावा. अवकाळी पाऊस झाला की अर्क धुऊन जातो, परत फवारा, नाहीतर करप्याचे, म्हणजे दुसऱ्या बुरशीचे, काळे ठिपके तयार.

खर्च म्हणाल तर बाटली ६२०, दहा लिटरला ३० मिली, माझ्या तीन टाक्यांना फवारणीमागे नव्वद रुपयेसुद्धा पडत नाहीत. घरी निंबोळी अर्क करायचा विचार होता, १०० लिटरला ५ किलो निंबोळी पूड लागते, पण आमच्या पावसात कडुनिंब धड वाढत नाय, निंबोळी घाटावरून आणायची, भाड्यातच ही बाटली येते.

भावोजी म्हणाले उरलेला सुपारीवर मार पावसाळ्यात, कोळेरोग, म्हणजे फळं सडून गळायचा रोग, येणार नाय. नको म्हटलं. तिथे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, हे बोर्डो मिश्रणच. हा अर्क आमच्या मृगाच्या एका सरीतच खाली वाहून जाईल.

साडेतीन तारे. अर्धा झाकणासाठी कापलाय, माप ओतताना दरवेळी बोटांवर ओघळतं आणि साबणाने चार वेळा धुतलं तरी वास भातापर्यंत येतो.