ग्रास कटरचा कार्बोरेटर: स्प्रेने धुवावा की अल्ट्रासॉनिकमध्ये?

पाऊस ओसरला की बागेत बेणणी सुरू होते आणि वर्षभर पडवीत पडून राहिलेले ग्रास कटर माझ्याकडे येतात. टाकीतलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, आत पिवळट डिंक बसलेला असतो. तो काढायला एक तर क्लीनरचा स्प्रे मारायचा, नाहीतर कार्बोरेटर अल्ट्रासॉनिक मशीनच्या भांड्यात बुडवून धुवायचा.

स्प्रेला मी नावं ठेवणार नाही. कितीतरी वर्षं त्याच्यावरच काम केलं. मोटरसायकलच्या कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, खोलून उजेडाकडे धरता येतात, तिथे स्प्रे आणि हवा पुरते, दहा मिनिटांत काम होतं. फक्त जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं.

ग्रास कटरचा डायफ्रामवाला, म्हणजे पातळ पडद्यावर चालणारा, कार्बोरेटर मात्र वेगळा. त्याच्या आयडलची (रेस न देता मशीन चालू राहतं तेव्हाची) बारीक भोकं एका छोट्या कप्प्यात उघडतात आणि त्या कप्प्यावर धातूची टिकली ठोकून बसवलेली असते. स्प्रे तिथपर्यंत धड पोचत नाही, म्हणून टिकली काढावी लागते. टोच्याने काढायची, नवी ठोकायची. जरा वाकडी बसली की कडेने हवा घेते. मशीन दुकानात झकास चालतं आणि बागेत गेलं की आयडलला बंद पडतं. एका बागायतदाराला त्यासाठी माझ्याकडे तीन खेपा माराव्या लागल्या, ऐन हंगामात. चूक माझ्या हातची होती, पण त्या टिकलीचा मला तेव्हापासून वीट आला.

अल्ट्रासॉनिकमध्ये टिकली जागेवरच राहते. ४० किलोहर्ट्झच्या कंपनाने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि द्रावण शिरेल तिथला मळ सुटतो. कार्बोरेटरची बॉडी बुडवून अल्ट्रासॉनिक चालू केलं की त्या भोकांतून तपकिरी धुरासारखी रेघ निघते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हातातलं काम सोडून तिथेच उभा राहिलो. ५०-६० अंशाचं पाणी, दहा मिनिटं, मग बॉडी उलटून पुन्हा दहा. माझ्याकडे तरी तेव्हापासून आयडलची तक्रार घेऊन क्वचितच कोणी परत आलं.

कटकटी यातही आहेत. डायफ्राम, गॅस्केट, प्रायमरचा रबरी फुगा आधी काढावा लागतो. कॉस्टिक सोड्याचं द्रावण ॲल्युमिनिअम काळं पाडतं, त्यामुळे ॲल्युमिनिअमला चालणारंच घ्या. पेट्रोल किंवा थिनर भांड्यात कधीही ओतू नका, आग लागेल. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याने खंगाळून लगेच हवा मारा. ओलं राहिलं तर पांढरी भुकटी धरते.

घरचं एकच मशीन असेल तर बहुधा स्प्रेवर भागेल, आणि काम संपताना टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवलंत तर तोही क्वचितच लागेल. पण हंगामात आठ-दहा मशीनं हाताखालून जात असतील तर मी अल्ट्रासॉनिकच घ्या म्हणेन. दोन-तीन लिटरचं भांडं पुरतं. हीटर असलेलं बघा, आणि सोबत जाळी आहे ना तेही बघून घ्या, कारण बॉडी तळाला टेकवून चालत नाही.