जुनी जीन्स उसवून पॅटर्न काढावा की न उसवता?

आवडती जीन्स मांडीत विरली की तशीच दुसरी घरी शिवता येते, फक्त पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा कागदी साचा, नीट हवा.

मी तरी उसवायच्याच बाजूने आहे. एकच पाय उसवायचा, दुसरा तसाच ठेवायचा, म्हणजे कुठली शिवण आधी मारलीय ते त्यात बघता येतं. तुकडे इस्त्री करून ब्राऊन पेपरवर ठेवले की आसनाचा (दोन पाय जुळतात तिथला) गोलावा आणि मागचा योक (कंबरपट्टीखालचा तुकडा) जसाच्या तसा उतरतो, आणि डबल टिपेच्या शिवणीत किती माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) आत दुमडलीय तेही कळतं, जे वरून कधीच दिसत नाही. फक्त गुडघ्यावर कापड ताणून फुगलेलं असतं, तिथली रेघ पट्टीने सरळ करा, नाहीतर नव्या जीन्सला पहिल्या दिवसापासून गुडघे येतील.

न उसवता करायचं तर जीन्स कागदावर पसरून शिवणीवरून टाचण्या टोचत जायचं, मग ठिपके जोडून दीड सेंटीमीटर माया वाढवायची. पटकन होतं, जीन्सही शाबूत राहते, पण आसनापाशी कापड सपाट बसतच नाही, तिथे अंदाज चालतो. साध्या डेनिम स्कर्टला मात्र हेच बेस्ट.

जुनी स्ट्रेच असेल आणि नवं कापड कडक असेल तर दोन्हीत मांड्या-कंबर वाढवावीच लागेल. डेनिम आटतं, म्हणून कापायच्या आधी धुवा. मशीनला १६ नंबरची सुई लावा, आणि जाड जोड आला की आधी हातोडीने ठोकून चपटा करा, मग सुई मोडत नाही.