बागेचं काम कोणाला द्यावं: माळी, डिझायनर की सगळं एकहाती करणारी कंपनी?

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत बाग करायची म्हटलं की तीन वाटा दिसतात. माळ्याला बोलावून हळूहळू लावत जायचं. बागेच्या डिझायनरकडून आराखडा काढून घेऊन प्रत्यक्ष काम ठेकेदाराला द्यायचं. किंवा आराखड्यापासून शेवटच्या रोपापर्यंत सगळं एकाच लँडस्केपिंग कंपनीच्या हवाली करायचं. बहुतेक जण खिशाकडे बघून निवड करतात. माझं म्हणणं, आधी जमिनीकडे बघा. माती आणि पाण्याचं गणित जमलेलं असेल तर स्वस्तातला पर्यायही उत्तम बाग देतो, आणि ते बिघडलेलं असेल तर महागडी रोपंही वर्षभरात माना टाकतात.

म्हणून कोणालाही फोन करण्याआधी एक खड्डा खणा, साधारण ३० सेंटिमीटर खोल आणि तितकाच रुंद. पाण्याने भरा, सगळं जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि आत पट्टी उभी करून तासाभरात पाणी किती उतरतं ते मोजा. २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर निचरा वाईट आहे, तिथे मुळं कुजणार. फार झपाट्याने गेलं तर माती पाणी धरत नाही, कंपोस्टची भरपूर भर घालावी लागेल. खणताना खाली काय निघतं तेही बघा. नव्या बांधकामाभोवती वीतभर मातीखाली विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे सापडणं नेहमीचंच. सिमेंटमुळे मातीचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे ती अल्कधर्मी होते, मग झाडांना लोह घेता येत नाही: कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी खतावर खत टाकून काही होत नाही, हा राडारोडाच काढावा लागतो.

मग एकदा जोरदार पावसात बाहेर उभं राहून पाणी कुठे धावतं आणि कुठे साचतं ते पाहा. घराच्या भिंतीपासून पहिल्या तीन मीटरांत मातीला सुमारे १५ सेंटिमीटर उतार हवा; फरशीला मीटरमागे २ सेंटिमीटर पुरतो. पाणी भिंतीकडे येत असेल तर तुमचं काम बागकामाच्या आधीचं आहे, आणि तिथेच तीन वाटा वेगळ्या होतात.

जमीन सपाट, निचरा चांगला आणि मनात फक्त झाडं असतील, तर अनुभवी माळी पुरेसा आहे. छाटणी कधी, कुठलं रोप कुठल्या कोपऱ्यात तग धरेल, कीड पडली तर काय, हे रोज मातीत हात घालणाऱ्याला जितकं कळतं तितकं कागदावर आखणाऱ्याला कळेलच असं नाही. शिवाय काम टप्प्याटप्प्याने होतं, मत बदलायला वाव राहतो. उणीव एकच, पण मोठी: आराखडा नसतो. आज रिकामं दिसतं म्हणून दाट लावलं जातं आणि तीन-चार वर्षांत झाडं एकमेकांच्या अंगावर चढतात. प्रत्येक रोपाला ‘पूर्ण वाढल्यावर हे किती पसरेल?’ एवढं विचारलंत तरी ही उणीव बरीचशी भरून निघते. मात्र आधारभिंत, पाण्याच्या लाइनी, जमिनीखालून जाणारी वीज ही माळ्यावर सोपवायची कामं नव्हेत.

उतार आहे, पाणी साचतं, पायऱ्या किंवा भिंत लागणार आहे, अशा जागी मी स्वतंत्र डिझायनरच्या बाजूने आहे. त्याला रोपं किंवा फरश्या विकायच्या नसतात. एकच आराखडा तीन ठेकेदारांना दाखवला की तिघांची कोटेशन खऱ्या अर्थाने शेजारी ठेवून बघता येतात. तोटा कामाच्या वेळी दिसतो: काही चुकलं की डिझायनर ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार आराखड्याकडे. म्हणून डिझायनरच्या फीमध्येच साइटवरच्या भेटी ठरवून घ्या. त्यातली एक भेट उतार काढून झाल्यावर पण फरशी बसण्याआधी असावी.

एकहाती कंपनीचा मोठा फायदा म्हणजे जबाबदारी एकाची. वेळ कमी आणि काम मोठं असेल तर हीच वाट सोयीची. पण ‘डिझाइन फुकट’ ऐकलं की सावध व्हा. त्याचा खर्च रोपांच्या आणि साहित्याच्या दरात मिसळलेला असतो आणि आराखडा बऱ्याचदा तुमच्या हाती दिला जात नाही. तसं असेल तर दुसऱ्या कोणाकडून दर घेऊन ताडून पाहायला जागाच उरत नाही.

वाट कुठलीही घ्या, कोटेशन ओळ न् ओळ वाचा. ‘शोभेची झाडे, ६० नग’ अशी ओळ म्हणजे कोरा कागद. चांगल्या कोटेशनमध्ये झाडाचं नेमकं नाव, कुंडीचा आकार, उंची आणि दोन रोपांमधलं अंतर लिहिलेलं असतं. पायवाटेचंही तसंच. ‘पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे) बसवणे’ यात काहीच कळत नाही. खाली थराथराने ठोकलेली १० ते १५ सेंटिमीटर खडी आणि वर २.५ सेंटिमीटर वाळू असं लेखी हवं. पेव्हर खचतात ते खालच्या कच्च्या कामामुळे. पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता एक दणकून पाऊस होईपर्यंत राखून ठेवा. जुनं काम बघायला जाल तर किमान दोन वर्षं झालेलं मागा, कारण काम संपल्या दिवशीच्या फोटोत प्रत्येक बाग सुंदरच दिसते.

आता काय लावायचं त्याबद्दल. हिरवळ सगळ्यांनाच हवी असते, पण तिला दिवसाला पाच-सहा तास ऊन आणि वाढीच्या काळात आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. ५० चौरस मीटरच्या लॉनला आठवड्याला १२५० लिटर. मुलं खेळणार असतील तर हे पाणी सार्थकी लागतं. नुसतं बघायलाच असेल तर जमिनीलगत पसरणारी झुडपं बरी: पहिलं वर्ष तण काढावं लागतं, एकदा जमीन झाकली गेली की त्रास कमी होतो. कृत्रिम लॉनला पाणी लागत नाही, पण उन्हात ती इतकी तापते की अनवाणी चालवत नाही. कापड अंथरून वर खडी टाकण्याचा पर्याय देखभालमुक्त म्हणून विकला जातो. प्रत्यक्षात खडीत पालापाचोळा कुजून मातीचा थर तयार होतो आणि त्यातच तण रुजतं.

मोठं झाड की लहान? मी लहानच घेईन. मोठं झाड रुजायला वेळ घेतं, तोवर लहान रोप जोमाने वाढून अनेकदा त्याला गाठतं. खरेदीच्या वेळी कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढून बघा. मुळं गोळ्याभोवती दोरीसारखी गुंडाळलेली दिसली तर ते रोप परत ठेवा. लावताना खड्डा गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. बुंधा जिथे फाकून मुळांकडे वळतो ती जागा मातीच्या वर दिसायला हवी. पाचोळ्याचं आच्छादन ५ ते ८ सेंटिमीटर जाड घाला, पण बुंध्याला चिकटू देऊ नका.

आणि काम चालू असताना, चर बुजवण्याआधी, प्रत्येक पाइप आणि वायरचा फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवा. पुढच्या वर्षी नवं झाड लावायला खड्डा खणणाऱ्याला तो लागेल.