रात्रीचं जेवण कोथरूडात: नवं झालेलं जुनं हॉटेल की चौकापलीकडची खानावळ?

आयडियल कॉलनीच्या आसपास राहणाऱ्या आणि संध्याकाळी सातच्या सुमारास 'आज स्वयंपाक नको' या निर्णयाला आलेल्या घरांसाठी हे लिहितोय. पर्याय दोन आहेत. पहिलं आमच्या भागातलं जुनं हॉटेल. इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून ते बंद होतं, आता नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एसी आणि टांगते दिवे लावून परत सुरू झालंय. दुसरी चौकापलीकडची खानावळ, जिला पाटी आहे पण रात्री ती दिसत नाही. दोन्हींची नावं देत नाही, कारण अशी जोडी कर्वेनगरात, सहकारनगरात, कुठेही सापडेल आणि निवड करताना हेच प्रश्न पडतील.

माझं मत आधीच सांगून टाकतो: जेवायला खानावळ, नाश्त्याला हॉटेल. दहा-बारा जणांचा गोतावळा असेल तर पुन्हा हॉटेलच, पण तिथे काय मागवायचं ते खाली सांगतो.

हॉटेलबद्दल जरा जास्त बोलतो, कारण अपेक्षा तिथून होत्या. पूर्वी त्यांचं मेन्यूकार्ड म्हणजे प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. थाळी, भरली वांगी, पिठलं-भाकरी, रविवारी मसालेभात आणि पोरांचं मन राखायला तीन-चार पंजाबी भाज्या. बाहेरगावच्या पाहुण्यांना आम्ही बिनदिक्कत तिथे न्यायचो. पुन्हा उघडल्यावर आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा हातात पुस्तकच आलं. चायनीज, तंदूर, सिझलर, पिझ्झा, मॉकटेल, आणि शेवटून दुसऱ्या पानावर पैठणीचा काठ छापून 'मराठमोळं'. तेव्हाच शंका यायला हवी, असं आई म्हणाली. ती असं जेवण झाल्यावर म्हणते.

भरली वांगी आली. वांग्याला चार चिरा व्यवस्थित दिलेल्या होत्या, देठही ठेवलेला होता. पण चिरा उघडून पाहिल्या तर आत काही नाही. भरल्या वांग्यात दाण्याचं कूट, तीळ, भाजलेलं खोबरं, गोडा मसाला, चिंच-गूळ हे सगळं वांग्याच्या पोटात जातं आणि मंद आचेवर शिजताना त्यातलं थोडं सुटून रस्सा होतो. रस्सा वांग्यातून बाहेर यायचा असतो. इथे वांगं वेगळं तळून ठेवलेलं आणि वरून गरम ग्रेव्ही घातलेली. ती ग्रेव्हीही ओळखीची निघाली, कारण शेजारच्या वाटीतल्या शेवभाजीत तीच होती, फक्त तिखट वाढवलेली.

यामागे फार मोठं गुपित नाही. मेन्यू शंभर पदार्थांचा झाला की कुठल्याही स्वयंपाकघराला प्रत्येक भाजी मुळापासून करणं परवडत नाही. मग सकाळी मोठ्या पातेल्यांत दोन-तीन ग्रेव्ह्या काढून ठेवतात: कांदा-टोमॅटोची, मखनीची लाल, काजू-मगजाची पांढरी. ऑर्डर आली की त्यात पनीर, मटार, कोफ्ता, जे असेल ते टाकून पाच मिनिटांत ताटात. पंजाबी भाज्यांचा हॉटेली प्रकार या पद्धतीवरच उभा आहे आणि तिथे ती चालते. मराठी भाज्यांना मात्र असा सामायिक रस्सा नसतो. भरल्या वांग्याचा रस्सा वेगळा, आळूच्या फतफत्याचा वेगळा, मटकीच्या उसळीचा वेगळा. सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढलं की नावं वेगवेगळी राहतात, चव एकच होते.

भाकरीचंही तेच. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही, ते बांधलं जातं गरम पाण्यावर आणि मळण्यावर. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापतानाच कडेला भेगा पडतात. ताज्या पिठाची, नीट मळलेली भाकरीसुद्धा तव्यावरून उतरली की थोड्या वेळातच ताठरायला लागते. त्यामुळे भाकरी करून ठेवण्याची वस्तूच नव्हे. आमच्या पुढ्यात आलेली भाकरी गरम होती, पण पापुद्रा सुटत नव्हता आणि कड मोडत होती. म्हणजे दुपारची असावी, पुन्हा तव्यावर टाकलेली. आईने विचारलं, "भाकरी आत्ता केलीय का?" वाढपी पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "काकू, मऊ पाहिजे असेल तर बटर रोटी घ्या ना." बाबांनी घेतली. रोटी खरोखर चांगली होती, आणि याच गोष्टीचा मला जास्त राग आला.

आता खानावळ. तिथे निवड करायला काही नाहीच. एक पालेभाजी, एक उसळ किंवा फळभाजी, आमटी, भात, कोशिंबीर, ताक. संध्याकाळी फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, ते वाचायचं आणि बसायचं. भाकरीवाल्या मावशी मागच्या दाराशी शेगडीवर बसतात आणि एकेक भाकरी थेट ताटात येते. गर्दीत दुसरीसाठी थांबावं लागतं, तोवर भात संपवू नये एवढं शहाणपण हवं. वांग्याची भाजी फळ्यावर असेल त्या दिवशी ती एकाच पातेल्यात सगळ्यांसाठी झालेली असते, कूट हात न आखडता घातलेलं. देखणी नसते, पण वांगं बोटाने दाबलं की आतला मसाला दिसतो. नऊनंतर भाजी संपली तर पिठलं टाकतात, आणि माझ्या मते ते पिठलं संपलेल्या भाजीपेक्षा सरस असतं.

खानावळीची गैरसोयही सांगायला हवी. उकडतं. पंख्याखालची जागा नेहमी दुसऱ्या कोणाला तरी मिळालेली असते. तुमचा ताकाचा शेवटचा घोट व्हायच्या आत पाठीमागे कोणीतरी येऊन उभं राहतं, त्यामुळे निवांत गप्पा विसरा. भात काही दिवशी गिचका होतो. स्वच्छतागृहाबद्दल न बोललेलं बरं. लहान मुलांना 'नूडल्स नाहीत' हे समजावण्यात अर्धं जेवण जातं. आणि रविवारी संध्याकाळी खानावळ बंद, म्हणजे ज्या वेळी घराघरांत गॅस पेटवायचा कंटाळा असतो नेमकी तीच वेळ. पुण्यातल्या बऱ्याच जुन्या भोजनालयांचा हा शिरस्ता आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ज्येष्ठांचे गुडघे दुखत असतील तर खानावळ तळमजल्यावर आहे. हॉटेलला लिफ्ट आहे. पार्किंग दोन्हीकडे नाही, मेट्रोने येणं सोयीचं.

बिलाकडे मात्र नीट बघा, कारण खरा फरक तिथे कळतो. हॉटेलच्या बिलात जेवणाच्या रकमेखाली 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी होता. 1,000 रुपयांचं जेवण असेल तर सेवाशुल्काने 1,100 होतात, त्यावर 55 रुपये कर, एकूण 1,155. सेवाशुल्क नसतं तर तेच बिल 1,050 झालं असतं. जीएसटी द्यावाच लागतो. सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने हे शुल्क आपोआप बिलात घालायचं नाही, दुसऱ्या नावानेही घालायचं नाही, आणि दिलं नाही म्हणून आत येऊ न देणं किंवा सेवा नाकारणंही चालणार नाही. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. त्यामुळे गल्ल्यावर आवाज न चढवता 'सेवाशुल्क काढून बिल द्या' एवढं म्हणावं. आम्ही म्हटलं, मॅनेजरने कपाळाला आठी घालून काढलं. नाही काढलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यातून काही टीप वाढणाऱ्या पोराच्या हातात ठेवायची असेल तर ती तुमची मर्जी. आम्ही बटर रोटीच्या सल्ल्याबद्दल ठेवली.

खानावळीच्या पावतीवर जीएसटी नसतो, म्हणून काही गैर चाललंय असं समजू नका. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या लहान भोजनालयांना कंपोझिशन योजना घेता येते. त्यात मालक उलाढालीवर 5 टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा वसूल करू शकत नाही. तसं पावतीवर लिहिलेलंही असतं. उलट एखाद्या ठिकाणी ते वाक्यही छापलंय आणि खाली जीएसटीही लावलाय असं दिसलं, तर विचारा.

मग हॉटेलात जायचंच नाही का? सकाळी जा. दहाच्या आत. तेव्हा ते जाडजूड पुस्तक कोणी आणत नाही, भिंतीवरची छोटी यादी असते. डोशाचं पीठ आदल्या रात्री वाटून आंबवलेलं, डोसा मागितल्यावर घातलेला, चटणी पातळ पण ताजी. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी मोकळी असते, दाण्याचं कूट जरा भरड. कॉफी कडक. स्वयंपाकघर तेच, मालक तेच, पण सकाळी पदार्थ दहा-पंधरा असल्यामुळे प्रत्येक गोष्टीला हात लागतो. फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली'च्या रांगेत उभं राहण्याची हौस नसेल, तर कोथरूडकरांना हा पर्याय वाईट नाही. एसपीडीपीसाठी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरीसाठी, मात्र तिकडेच जावं लागेल.

मोठ्या गटाचं म्हणाल तर वाढदिवस, भाचरं, सासरचे, माहेरचे, सगळे एका टेबलावर मावतील अशी जागा खानावळीत नाही. हॉटेल घ्या आणि पैठणीचं पान सरळ उलटा. पनीरची भाजी, दाल तडका, तंदुरी रोटी, जीरा राइस मागवा. आता या स्वयंपाकघराला जे जमतं ते हेच आहे आणि ते बऱ्यापैकी जमतं.

मराठी जेवण म्हणून कोणा परगावच्या माणसाला दाखवायचं असेल, तर दोन्ही सोडा आणि नदी ओलांडा. टिळक रस्त्यावरचं 'दुर्वांकुर', नाहीतर तिथलंच 'बादशाही'. सुट्टीच्या दिवशी ताटकळावं लागेल, ते धरूनच निघा.

घरी मागवण्याचा मार्ग मी यात धरलेला नाही, कारण फॉइलमध्ये गुंडाळलेली भाकरी स्वतःच्याच वाफेने ओली होते आणि ॲपवरचे दर बहुतेक ठिकाणी मेन्यूकार्डापेक्षा चढे असतात. खानावळीत मात्र स्वतःचा डबा नेला की काकू भरून देतात, पॅकिंगचे पैसे न लावता. निघण्याआधी फोन करून भाकरी आहे का एवढं विचारा. मावशी गावाला गेल्या असतील तर त्या दिवशी पोळ्या असतात, आणि त्या पोळ्या काही खास नाहीत.