वॉटरलेस वॉश धंद्यात चालतो का? काही महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

गाड्या धुण्याच्या धंद्यात वॉटरलेस वॉश आणावा का, असं विचारणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एकाकडे पाण्याची सोय नसते, दुसऱ्याला टाकी, पाइप आणि मशीन घेऊन फिरण्याचा लवाजमा नको झालेला असतो. दोघांनाही मी एकच सांगतो. आठवड्या-पंधरवड्याला नेमाने हात फिरणाऱ्या गाड्यांवर हा वॉश उत्तम चालतो. महिनोन्महिने पाणी न पाहिलेल्या गाडीवर मात्र त्याच बाटलीने रंगाची वाट लागते. मी गिऱ्हाइकाच्या जागेवर जाऊन गाड्या साफ करून देतो, हाताखाली मुलं आहेत, आणि गेले कित्येक महिने बाहेरून सफाईचं बहुतेक काम याच पद्धतीने होतंय. बाटलीवरच्या लेबलात जे लिहिलेलं नसतं, ते इथे लिहितोय.

वॉटरलेस आणि रिन्सलेस यांत लोक गल्लत करतात, म्हणून तो फरक आधी सांगतो. वॉटरलेस म्हणजे थेट पॅनेलवर मारायचा फवारा. मारला, थोडं थांबलं, टॉवेलने पुसलं, काम झालं. रिन्सलेसमध्ये बादलीभर पाण्यात थोडंसं लिक्विड टाकतात, त्यात भिजवलेल्या टॉवेलने किंवा मिटने (हातात घालायच्या मऊ मोज्याने) गाडी पुसतात आणि नंतर पाणी न मारता कोरडी करतात. ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. त्याचं धुण्यासाठीचं प्रमाण 1:256 आहे, म्हणजे दहा लिटर पाण्याला साधारण 40 मिली. धंद्याला या दोन्ही पद्धती लागतात. फक्त फवाऱ्यावर सगळं निभावून न्यायचा हट्ट धरला की काम बिघडायला लागतं.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो क्लिअर कोट, साधारण 35 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरतो. धुळीत वाळूचे म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि मोहस्‌च्या मापात त्यांची कठीणता 7 येते, काचेपेक्षाही जास्त. हा कण टॉवेल आणि रंग यांच्यामध्ये अडकून घासला गेला की बारीक चरा उठलाच. वॉटरलेस लिक्विडमधली साबणासारखी द्रव्यं मळाची पकड सैल करतात आणि पॉलिमर कणाभोवती बुळबुळीत थर धरतात, जेणेकरून कण घसरत टॉवेलच्या लवीत जावा. लिक्विडची कामगिरी इथे संपते. कण उचलून रंगापासून लांब ठेवायचं काम टॉवेल करतो. म्हणून महागड्या लिक्विडच्या जोडीला जुने, कडक झालेले टॉवेल वापरण्यापेक्षा साधं लिक्विड आणि चांगले टॉवेल हा सौदा मला कितीतरी बरा वाटतो.

आम्ही 40 बाय 40 सेंटिमीटरचे, 350 ते 400 जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचे), लांब लवीचे मायक्रोफायबर टॉवेल वापरतो. दोनदा घडी घातली की एका टॉवेलच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने एक हात फिरवायचा, घडी पालटायची, पुढची बाजू घ्यायची. दाब अजिबात द्यायचा नाही, नुसतं टॉवेलचं वजन पुरे. हात एका दिशेत सरळ न्यायचा आणि शेवटाला किंचित वर उचलायचा. गोल गोल घासायची सवय असलेल्या माणसाला हे शिकवणं सगळ्यात अवघड जातं. टॉवेल जमिनीवर पडला की तो त्या दिवसापुरता बाद, झटकून पुन्हा वापरणं बंद. मध्यम आकाराच्या गाडीला सहा ते आठ टॉवेल जातात, शिवाय शेवटची चकाकी आणायला एक-दोन कोरडे.

गाडीच्या दाराचा खालचा भाग नीट पाहिला तर सगळं कळतं. मागच्या चाकाच्या पुढे, दाराच्या खालच्या पट्टीवर वाळलेल्या चिखलाचे बारीक ठिपके असतात. तिथे फवारा मारून अर्धा-पाऊण मिनिट थांबलं की करड्या रेघा खाली ओघळायला लागतात. ओघळ सुरू झाला म्हणजे मळ सुटतोय. मग टॉवेल एकदा फिरवून घडी उघडून बघायची. मधोमध तपकिरी पट्टा दिसतो. त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि पिठासारखं मऊ लागलं तर पुढे जायला हरकत नाही. कचकच लागली तर थांबायचं, कारण टॉवेलने जेवढी रेती उचलली त्याहून जास्त अजून दारावर आहे. तिथे पाणीच मारावं लागतं.

रंगावर खरंच परिणाम होतो का, हे मला लोकांच्या सांगण्यावर सोडायचं नव्हतं. आमच्या स्वतःच्या गडद निळ्या गाडीची एक बाजू, अर्ध्या बॉनेटसकट, सतत वॉटरलेसने आणि दुसरी बाजू दोन बादल्यांच्या नेहमीच्या पद्धतीने (एकीत साबणाचं पाणी, दुसरीत मिट खळबळायला साधं पाणी) साफ करत आलोय. एलईडी टॉर्च तिरकी धरून अधूनमधून बघतो. बॉनेटवर दोन बाजूंत मला फरक सापडत नाही. दारांच्या खालच्या एक-तृतीयांश भागात मात्र वॉटरलेसच्या बाजूला काही बारीक चरे वाढलेले दिसतात. सूर्यप्रकाशात नुसत्या डोळ्यांना जाणवत नाहीत, टॉर्चखाली दिसतात. गडद रंगाच्या गाडीचा मालक ते शोधून काढणारच. त्यामुळे आता आम्ही गाडीचे दोन भाग धरूनच काम करतो. काचांची खालची रेघ आणि त्याच्या वरचं सगळं फवाऱ्याने. तिथून खाली आधी पंप स्प्रेअरने रिन्सलेसचं पाणी भरपूर मारून भिजत ठेवायचं, आणि मळ जाड असेल तर बॅटरीवरच्या छोट्या प्रेशर गनने धुऊन काढायचं. वीस-तीस लिटरचा एक कॅन गाडीत ठेवला की एवढं सहज निभतं. या एका बदलाने कामाचा दर्जा जितका सुधारला, तितका कुठल्याही नव्या लिक्विडने सुधारला नाही.

आता पाण्याच्या बचतीबद्दल, कारण या मालाच्या जाहिराती तिच्यावरच उभ्या असतात. उघडा पाइप मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सोडतो, म्हणजे दहा मिनिटांत शंभर-दीडशे लिटर गेले. प्रेशर वॉशर मिनिटाला सहा-आठ लिटरवर भागवतो. वॉटरलेसमध्ये गाडीवर जेमतेम 200 ते 500 मिली द्रव जातो, हे खरं आहे. पण मळलेले टॉवेल धुवावे लागतात! समोरून उघडणारं वॉशिंग मशीन एका फेरीत पन्नासेक लिटर पाणी घेतं, आणि मशीन कोंबून न भरता चाळीस-पन्नास टॉवेल टाकले तर सहा-सात गाड्यांचं काम निघतं. म्हणजे गाडीमागे सात-आठ लिटर पाणी लागतंच, फक्त ते गाडीजवळ न लागता मशीनमध्ये लागतं. तरीही बचत मोठी आहे आणि ती मोठी आहे असं मी कुणालाही ठामपणे सांगेन. फक्त ‘शून्य पाणी’ हा शब्द गिऱ्हाइकासमोर वापरू नये. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. साबण, ग्रीस आणि ब्रेकची धूळ मिसळलेलं पाणी रस्त्यावरून पावसाच्या गटारात वाहत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये, ऑफिसच्या आवारात, जिथे पाणी सांडायला मनाई असते तिथे काम मिळतं ते यामुळेच. मायक्रोफायबर प्लास्टिकचाच असतो आणि धुताना त्याचे तंतू सुटतात, हेही पर्यावरणाच्या नावाने विकणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं.

टॉवेलची धुलाई हा या धंद्यातला खरा खर्च आणि खरी मेहनत आहे. सुती कपड्यांबरोबर धुतले की त्यांचे सुटे तंतू लवीत अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनरने लवीवर थर बसतो आणि टॉवेल शोषून घेणं सोडतो. ब्लीच आणि जास्त गरम हवा तंतू खराब करतात. सौम्य लिक्विड डिटर्जंट, कोमट पाणी, कमी उष्णतेवर किंवा सावलीत वाळवणं, एवढं पाळलं की टॉवेल बरेच दिवस टिकतात. वय झालेला टॉवेल रंगावरून उतरवून दाराच्या कडांना, तिथून चाकांना आणि शेवटी टायर-इंजिनाला द्यायचा. आम्ही कोपऱ्यांवर रंगीत धाग्याची टीप घालून ठेवलीय, त्यामुळे चाकाचा टॉवेल चुकून बॉनेटवर जात नाही. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात, ते एकदा लवीत शिरले की धुऊनही पूर्ण निघतील याचा भरवसा नाही.

लिक्विडचं म्हणाल तर बाजारात ढोबळमानाने तीन तऱ्हा दिसतात: मेणवाले, निव्वळ पॉलिमरवाले आणि सिलिकावाले, ज्यांना लोक सिरॅमिक म्हणतात. मेणवाल्यांची चमक पहिल्या दिवशी छान दिसते, गिऱ्हाईक खूश होतं. पण काचेवर त्याचा तवंग राहतो, वायपर थरथरायला लागतात आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरे डाग बसतात. मॅट रंगाच्या गाडीवर तर मेण किंवा चमक देणारं काहीही नको, ठिकठिकाणी तकाकी येऊन रंग विस्कटतो. रोजच्या धंद्याला मी चमक कमी पण बुळबुळीतपणा जास्त असलेलं साधं पॉलिमरचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी घालून पातळ करायचं घट्ट लिक्विड, पसंत करतो. काचेला वेगळा क्लीनर, वेगळा टॉवेल. सिलिकावालं लिक्विड सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाड्यांना शोभतं, आणि अशा गुळगुळीत गाड्यांवरून मळ सुटतोही लवकर. कॉन्सन्ट्रेट पातळ करायला क्षाराचं पाणी घेतलं तर गडद रंगावर पांढुरके डाग राहतात, म्हणून आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी. पातळ केलेलं मिश्रण फार दिवस ठेवलं की वास मारतं, लागेल तेवढंच बनवावं.

ऊन हा या पद्धतीचा वैरी आहे. तापलेल्या बॉनेटवर फवारा मारला की टॉवेल पोचेपर्यंत त्यातलं पाणी उडून जातं, बुळबुळीतपणा संपतो आणि चिकट चट्टे उरतात. हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवून चटका बसत असेल तर गाडी सावलीत घ्यावी, नाहीतर वेळ बदलून मागावी. सावलीतही एका वेळी एकच पॅनेल.

काही ठिकाणी तर हा वॉश वापरायचाच नाही. वाळूच्या कच्च्या रस्त्यावरून आलेली गाडी, बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलेली गाडी, चाकांच्या कमानींच्या आतला चिखल, इंजिन, डांबराचे ठिपके. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा आणि बॉनेटवर चिकटलेले किडे ओला टॉवेल काही मिनिटं ठेवून मऊ करता येतात, पण घाई केली तर तिथेच ओरखडा येतो. लोखंडाचे कण विरघळवणारं केमिकल वापरायचं तर ते पाण्याने धुवावंच लागतं.

धंद्याच्या दृष्टीने नाजूक भाग म्हणजे गिऱ्हाइकाला नाही म्हणणं. त्याने वॉटरलेसचं काम सांगितलेलं असतं आणि गाडी चिखलात बरबटलेली असते. आमचा नियम आता पक्का आहे. नवीन गिऱ्हाइकाची पहिली धुलाई पाण्यानेच, फोम आणि दोन बादल्यांसह. त्याच वेळी टॉर्चखाली आधीचे चरे दाखवून फोटो काढून ठेवायचे, म्हणजे पुढे वाद होत नाही. नंतरची सगळी कामं ठरलेल्या दिवशी वॉटरलेसने. मधल्या भेटी चुकल्या आणि गाडी पुन्हा मळली तर परत पाण्याची धुलाई, तिचा दर वेगळा. हे आधी स्पष्ट सांगितलं की लोक मान्य करतात. उलट गाडी बघून नकार देणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास जास्त बसतो. ‘ओरखडा येणारच नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे विक्रेते मला भेटलेत. असा शब्द कुठल्याच पद्धतीबद्दल देता येत नाही, आणि आपल्या गिऱ्हाइकाला तर मुळीच देऊ नये.

वेळेचा हिशेब गाडीच्या अवस्थेवर फिरतो. नेमाने होणारी गाडी बाहेरून अर्ध्या-पाऊण तासात हातावेगळी होते, पाइप-मशीन मांडायचा आणि आवरायचा वेळ पूर्ण वाचतो. मळकी गाडी मात्र पाण्यापेक्षा जास्त वेळ खाते. दिवसभर ट्रिगर दाबून बोटं आणि मनगट भरून येतात, म्हणून पंप स्प्रेअर घ्याच. नायट्रिलचे हातमोजे घालावेत, आणि बंद पार्किंगमध्ये फवाऱ्याचा तुषार नाकात जातो, तिथे मास्क लावावा.

नव्याने सुरू करणाऱ्याने लिक्विडच्या पाच बाटल्या घेण्याऐवजी एकच कॉन्सन्ट्रेट घ्यावं आणि उरलेले पैसे टॉवेलवर घालावेत. दिवसभराच्या गाड्यांना पुरून दुसऱ्या दिवशीचाही साठा कोरडा तयार असावा, कारण टॉवेल कमी पडले की हात आपोआप मळकी बाजू पुन्हा वापरतो. मुलांना शिकवताना मी आधी फक्त छप्पर देतो. तिथे धूळ हलकी असते, घडी पालटायची आणि हात हलका ठेवायची सवय लागते. मग बॉनेट, मग दारांचा वरचा भाग. दाराची खालची पट्टी सगळ्यात शेवटी, आणि तीही टॉवेलवरची कचकच बोटाने ओळखता यायला लागल्यावर.