घरातला पोल आणि अडलेला इन्व्हर्ट: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

पोल डान्स शिकायला सांगलीहून पुणं गाठायचं म्हणजे अख्खा रविवार जातो. म्हणून ४५ मिमीचा, क्रोमचा, फरशी आणि छत यांच्यात दाबून बसवायचा पोल ऑनलाइन मागवला. स्पर्धांतही याच जाडीचा पोल असतो, त्यामुळे स्टुडिओत गेल्यावर हात परका वाटत नाही.

बसवणं सोपं आहे, पण वर काँक्रीटचा स्लॅब हवाच. पीओपीच्या छताखाली लावायचा विचारही करू नका. आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये हे काम सासऱ्यांनी अंगावर घेतलं. शाळेत मल्लखांब केलेला माणूस! स्टुलावर चढून छत ठोकून पाहिलं, बीम कुठनं गेलाय ते हेरलं आणि म्हणाले, "हितं लाव, हलायचा न्हाई." पुढचा सल्ला होता, "जरा एरंडेल चोळ की त्याला." लाकडी मल्लखांबाला ते चोळतातच, पण स्टीलवर तेलाचा थेंब म्हणजे सरळ खाली. आदल्या रात्री पायाला लावलेलं लोशनसुद्धा सकाळी पोलवर कळतं. इथं पकड कातडीची असते, म्हणून तर शॉर्ट्स घालाव्या लागतात. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, तो विषय वेगळा.

पहिले दोन-तीन महिने झकास गेले. फायरमन स्पिन म्हणजे पोलभोवती गिरकी, क्लाइंब म्हणजे वर चढणं, पोलवर बसणं, काही ना काही नवं जमत होतं. मग इन्व्हर्ट आला, म्हणजे हातांवर तोलून कंबर डोक्याच्या वर नेणं, आणि गाडी जी अडली ती अडलीच. हे बहुतेक सगळ्यांचं होतं. सुरुवातीची ताकद भराभर येते, कारण असलेले स्नायू नीट वापरायला मेंदू शिकत असतो. स्नायू भरायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे तर सगळ्यांत मागे राहतात. मनातली घाई आणि कोपरातली दुखणी इथूनच सुरू होतात.

घरच्या पोलचा खरा उपयोग मला या काळात झाला. नेमकं काय अडलंय हे वेगवेगळं करून बघता आलं. एप्रिल-मेमध्ये पहाटे जमणारा क्लाइंब संध्याकाळी जमत नव्हता. ताकद काही बारा तासांत जात नाही, म्हणजे तो घामाचा प्रश्न. मेडिकलमधलं स्पिरिट कापडावर घेऊन पोल पुसायचा, हाताला घाम टिपणारा लिक्विड चॉक लावायचा आणि वेळ सकाळची ठेवायची, एवढ्यानं निम्मी रडारड थांबली. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं पुन्हा तीच तऱ्हा, तेव्हा दर दोन-तीन प्रयत्नांनी पुसणं आलं. फार घाम येत असेल तर पितळी पोल बघा. दमट हवेत त्याची पकड क्रोमपेक्षा चांगली असते.

उरलेलं निम्मं मात्र ताकदीचंच होतं. त्यावर आमच्या पोल शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलेला उतारा मला सगळ्यात लागू पडला. स्टुलावर उभं राहून पोल काखेशी घट्ट घ्यायचा, खांदे खाली दाबायचे, मदतीनं वर जायचं आणि गुडघे छातीशी ठेवून कंबर पाच आकडे मोजत खाली आणायची. तिसऱ्याच आकड्याला धपकन आलात तर त्या दिवसाचं काम संपलं, आणखी ओढाताण नाही. वर जाण्याइतकी ताकद नसतानाही स्नायू सावकाश सोडताना जास्त भार पेलतो, म्हणून हे चालतं. एक दिवस व्यायाम, एक दिवस सुट्टी. पोल समोरच उभा असल्यामुळे येता-जाता लटकायची हाव होते, ती आवरायची. डावी बाजूही तितकीच करायची. कंटाळवाणं आहे, पण माझी डावी सुधारली तशी उजवीही सरळ झाली. इन्व्हर्ट आला तोसुद्धा वाजतगाजत नाही, एका मंगळवारी, कुकरची शिट्टी व्हायच्या आत.

आता तक्रारी. स्पिन मोडमध्ये, म्हणजे पोल स्वतःभोवती फिरता ठेवला की, बेअरिंग कुरकुरतं आणि विक्रेता मेलला उत्तर देत नाही. तसंही नवशिक्यांनी स्पिनवर फार राहू नये. पोल फिरायला लागला की अंग बाहेर फेकलं जातं, हातावरचा भार वाढतो आणि आपण मागे पडलोय असं उगाच वाटत राहतं. मोड बदलायला दर वेळी ॲलन की शोधावी लागते. क्रॅश मॅट, म्हणजे पडल्यावर झेलणारी जाड गादी, सोबत येत नाही, ती वेगळी घ्याच; घरच्या गादीवर भरवसा ठेवू नका, ती सरकते. आणि चढण्याआधी दर वेळी पोल हाताने हलवून बघा, दाब सैल पडतो.

फक्त घरच्या पोलवर शिकता येईल का? सुरुवात तरी नको. उलटं व्हायच्या आधी कुणीतरी जाणतं शेजारी उभं असावं. पुढे सराव चालू ठेवायला मात्र पैसे वसूल. भाड्याच्या घरात असाल तर मालकांना आधी विचारा, छताच्या रंगावर ताटलीएवढा गोल डाग राहतो.