गाडीचा कॅट बदलायला गेलो, दोन्ही कॅट गेले आणि १,४१,८५० रुपये पण

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गाडीच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा. दोन महिने हे लिहू का नको करत होतो, कारण लाज वाटते. मी बेळगावात उद्यमबागला मशीन शॉपमध्ये अकरा वर्षं कामाला आहे. दिवसभर कास्टिंग उचलायचं, बघायचं, बाजूला ठेवायचं, कुठला जॉब किती किलोचा ते हातात घेतलं की कळतं मला. आणि असल्या माणसाच्या हातात एकानं रिकामा डबा दिला आणि मी तो डिकीत टाकून घरी आणला.

गाडी २०१८ ची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, बीएस४ (धुराच्या जुन्या नियमातली), केए २२ पासिंग. पिकअप वाढवायचा म्हणून डाउनपाइप (इंजिनमागचा धुराचा पाइप, कॅट त्यातच असतो) आणि रिमॅप (गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं) करायचं होतं. आता लगेच कोणी म्हणेल, कॅट काढायला गेलास आणि फसलास, भोग. तर तसं नाही. मी वर्कशॉपवाल्याला पहिल्या फोनपासून सांगितलं होतं की कॅट पाहिजेच. आमच्याकडं चोर्ला घाटात रविवारी जाणारी निम्मी पोरं कॅट काढून सरळ पाइप टाकून फिरतात, मला ते कधीच पटलं नाही. आमची गल्ली अरुंद आहे, गाडी स्टार्ट केली की धूर थेट घरात येतो आणि घरात तीन वर्षांची पोरगी आहे. म्हणून हाय-फ्लो (धूर जास्त मोकळा जाऊ देणारा) कॅट असलेलाच पाइप, आणि माझा ओरिजिनल कॅट काढून मला परत द्यायचा, असं ठरलं. कायद्यानं हा पण बदलच होतो हे मला माहीत होतं, पण कॅट आहे, एमिशन पास होतंय, मग काय अडचण असं धरून चाललो.

वर्कशॉप बॉर्डरच्या पलीकडं, महाराष्ट्राच्या हद्दीत. नाव घालत नाही, केस चालू आहे. हिशोब असा: पाइप कॅटसकट ३८,५००, रिमॅप १८,०००, मजुरी ४,५००. टोटल ६१,०००. २०,००० ॲडव्हान्स फोनवरून पाठवला, तो पण त्याच्या मेहुण्याच्या नंबरला. उरलेले ४१,००० रोख. जीएसटी बिल मागितलं तर म्हणाला बिल पाहिजे तर अठरा टक्के वर द्या. तिथंच उठून यायला पाहिजे होतं.

"गाडी राहू दे, उद्या संध्याकाळी या" म्हणाला आणि मी ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर गाडी तयार, आणि सिमेंटच्या पोत्यात गुंडाळलेला जुना कॅट.

तो क्षण मी रोज आठवतो. पोतं उचललं आणि हात पटकन वर आला, म्हणजे जेवढा जोर लावला तेवढं वजनच नव्हतं. बाहेर काढून बघितला तर डबा चकचकीत. इतकी वर्षं गाडीखाली तापलेला माल, तो तपकिरी नाहीतर निळा पडलेला पाहिजे, हा सिल्व्हर पेंट मारलेला. माझ्या अंगठ्याला सिल्व्हर लागलं. ओलं होतं अजून! मी विचारलं, पेंट कशाला मारलाय? तर म्हणतो, "गंज लागू नये म्हणून मारलंय की साहेब, गाडी विकताना हेच परत बसवाय लागतंय, जपून ठेवा." आणि मी अंगठा पॅन्टला पुसला आणि ४१,००० मोजून दिले. घरी यायची गडबड होती, सहा वाजले होते, पाऊस होता, गाडी खरंच जोरात पळत होती. ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्या पेंटच्या खाली वेल्डिंगची पट्टी घासून सपाट केलेली होती आणि ती ओळखणं हा माझा धंदा आहे.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. दिवाळीनंतर एमिशन सर्टिफिकेट (पीयूसी) संपलं. टेस्टवाल्या मामांनी नळी घातली, स्क्रीनकडं बघितलं, परत घातली. सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, २.१ टक्के. बीएस४ पेट्रोलला लिमिट ०.३ आहे. हायड्रोकार्बन ६४०, लिमिट २००. मामा खाली वाकून म्हणाले, "गाडीला कॅट हाय काय न्हाई तुझ्या?" मी छातीठोकपणे म्हणालो, नवीन आहे मामा, अडतीस हजाराचा.

लिफ्टवर घेऊन पाइप उतरवला, एका टोकातून टॉर्च मारला, दुसऱ्या टोकाला भिंत दिसली. फुगीर डबा वेल्ड केलेला, आत काही नाही. मग घरचं पोतं शॉपमध्ये नेऊन बँडसॉवर कापलं. ते पण रिकामं. कडेला नखाएवढा एक तुकडा चिकटून राहिला होता, बारीक चौकोनी भोकांची सिरॅमिकची जाळी. त्या जाळीवरच प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो, धूर त्यातून जातो तेव्हा विषारी वायू मोडतो, आणि भंगारात किंमत त्याच जाळीला असते, डब्याला नाही. म्हणजे त्यानं हाय-फ्लोचे पैसे घेतले, कॅट दिलाच नाही, आणि माझा ओरिजिनल फोडून विकला. एका गाडीत दोनदा कमाई.

आणि चेक लाइट का आली नाही म्हणाल तर त्याचे पण पैसे मीच दिले होते. कॅटच्या मागं एक ऑक्सिजन सेन्सर असतो तो कॅट काम करतोय की नाही बघतो, कॅट गेला की पी०४२० कोड येतो. रिमॅप करताना त्यानं तो कोडच बंद केला. रिमॅप म्हणजे फक्त पॉवर नसते, हे लक्षात ठेवा, जाण्याआधी आणि आल्यावर स्कॅनरवर कॅटलिस्ट मॉनिटर बघा. मागच्या सेन्सरचा व्होल्टेज गाडी गरम झाल्यावर जवळपास स्थिर पाहिजे, सारखा खालीवर उड्या मारत असेल तर पुढं कॅट नाही. सिग्नलला उभं राहिल्यावर कच्च्या पेट्रोलचा वास यायचा, बायको दोनदा बोलली होती, मी म्हणालो ट्यूनिंगचा असतोय.

आता पोलीस. अलीकडच्या, कर्नाटकातल्या ठाण्यात गेलो तर मराठी अर्ज घेईनात, १५० रुपये देऊन कन्नडमध्ये टाइप करून आणला. तो वाचून म्हणाले, "नम्म लिमिट अल्ला (आमची हद्द नाही)", वर्कशॉप महाराष्ट्रात, तिकडं जावा. तिकडं गेलो तर म्हणे गाडी केए पासिंग, पैसे बेळगावच्या खात्यातून गेले, तिकडंच तक्रार द्या. मी झिरो एफआयआर म्हणालो. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यातच आहे की हद्द कुठलीही असो, ठाण्यानं नोंद करून घ्यायची. तर म्हणे ते मारामारीला असतंय. परत अलीकडं आलो, साहेब मीटिंगला. परत गेलो, साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला एकजण म्हणाला, तू गाडी मॉडिफाय केलीस हेच बेकायदा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लावू काय, १९०(२) मध्ये १०,००० पर्यंत दंड आहे. म्हणजे ज्याचं चोरीला गेलं त्यालाच दम! मी म्हणालो लावा, माझी चूक असेल तर भरतो दंड, पण त्याचं पण लिहून घ्या. लिहिलं नाहीच. सहा खाडे पडले, पगार कापला, हातात पोचपावती एक नाही. आणि तो माणूस आज पण गाड्या घेतोय, मी परवा बाहेरून बघून आलो, दारात केए पासिंगच्या तीन उभ्या होत्या.

शेवटी ओरिजिनल कॅट ७१,६५० ला घेतला, मजुरी ३,२००, स्टॉक मॅप (कंपनीचं मूळ सेटिंग) परत टाकायला ६,०००. आधीचे ६१,००० धरून १,४१,८५०. सीओ आता ०.०४ येतोय.

कोणी काम करून घेणारच असाल तर गाडी सोडून घरी येऊ नका, तिथंच बसा. कॅट उतरवायच्या आधी त्यावरच्या नंबरचा फोटो काढा. नवीन पाइप बसवायच्या आधी टॉर्च मारून जाळी डोळ्यानं बघा. पैसे दुसऱ्याच्या नंबरला अजिबात पाठवू नका, मला आता ते २०,००० त्यालाच दिले होते हे सिद्ध करत बसावं लागतंय. आणि पोलिसांच्या नादात वेळ घालवू नका, ग्राहक आयोगात जावा. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते, दुकान कुठल्या राज्यात का असेना, ५ लाखापर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत द्यावी लागते. हे मला पहिल्या दिवशी एका पण साहेबानं सांगितलं नाही, शॉपमधल्या क्लार्कनं सांगितलं.

माझी तक्रार दाखल झाली आहे. कापलेला डबा, तो नखाएवढा तुकडा आणि एमिशनची फेल झालेली पावती सगळं जपून ठेवलंय. मागच्या दोन वर्षांत बॉर्डरपलीकडं कोणी डाउनपाइप करून घेतला असेल आणि घरात असं सिल्व्हर मारलेलं पोतं पडलेलं असेल तर आज काढून तराजूवर ठेवा. माझा रिकामा १ किलो ९०० ग्रॅम भरला, नवीन आणलेला ३ किलो ४०० ग्रॅम. तुमचा पण हलका निघाला तर मला कळवा, एकट्यापेक्षा चार अर्ज एकत्र गेलेले बरे.